सव्वीस-शून्य-सव्वीस

सकाळी १०. बुधवार पेठेतलं दुकान उघडलं आणि जपानी ॲम्प्लिफायर टेबलावर घेतला. टोकियोहून आणलेला, इथे कुणीतरी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलेला. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. आपली लाइन २३०ची. प्रायमरी ओपन. अशा वेळी मी आधी वरची टेप सोडवून आतला थर्मल फ्यूज बघतो, कारण कित्येकदा तेवढाच गेलेला असतो. इथे फ्यूजखालची तारही काळी पडली होती, वार्निश हाताला चिकटत होतं. नवा ट्रान्सफॉर्मर बांधून घेणं आलं.

११.३०. किती व्होल्टचा? सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मुख्य सप्लाय अधिक-उणे ३८ व्होल्ट डीसी. डायोडचा ड्रॉप मिळवून १.४१४ने भागलं की साडेसत्तावीस येतात, आणि बहुतेक जण इथेच थांबून २८-०-२८ सांगतात. पण मॅन्युअलमधला आकडा गाणं बंद असतानाचा, म्हणजे लोड जवळजवळ नाहीच. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले व्होल्ट असतात पूर्ण लोडचे. लोड नसताना या मापाच्या टोरॉइडवर ते पाच-सहा टक्के चढतात. म्हणून २६-०-२६. अठ्ठावीसचा बसवला आणि रात्री लाइन २५०ला गेली, तर डीसी पंचेचाळीसच्या घरात जाईल. कॅपॅसिटर ५०चे आहेत, ते तगतीलही. पण आउटपुट ट्रान्झिस्टर रोज जास्त तापतील. इतकं जपून बनवलेलं यंत्र आपण का भाजायचं?

करंट ४ अँपिअर, म्हणजे साधारण २०० व्हीए. रिलेसाठी १२ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग. प्रायमरीचा फ्यूजही बदलायचा: १०० व्होल्टला ४ अँपिअरचा होता, २३०ला २चा स्लो-ब्लो पुरतो.

दुपारी १. वाइंडरकडे. ‘‘तयार तीस-शून्य-तीस आहे, लगेच घेऊन जा,’’ ते म्हणाले. ‘‘नको काका, सव्वीसच बांधा.’’ चार दिवस लागतील. लागू देत.

४ वाजता. मागच्या आठवड्यात सांगितलेला टोरॉइड अमेरिकन रिसिव्हरमध्ये बसवला. त्याच्या पट्टीवर १२० व्होल्ट आणि फक्त ६० हर्ट्झ. बाहेरून लावायचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६०साठी बेतलेल्या कोअरमध्ये ५०वर फ्लक्स वीस टक्के वाढतो, कोअर सॅच्युरेट होऊन ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो. म्हणून हा नवा ५० हर्ट्झसाठीच बांधून घेतला.

टोरॉइडचा मधला बोल्ट मी दोनदा बघतो. खालून चासीला कसलेला असतोच. वरचं टोक लोखंडी झाकणाला टेकलं, तर बोल्ट, झाकण आणि चासी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा तयार होतो. बोट सरकेल एवढी फट ठेवली. मग सेकंडरी मोकळ्या ठेवून १०० वॉटच्या सिरीज बल्बमधून लाइन दिली. बल्ब क्षणभर भडकला आणि विझत गेला. सगळे व्होल्ट मोजले, मगच बोर्ड जोडला.

७.३०. जपानी ॲम्प्लिफायरवाल्यांचा फोन. ‘‘स्टेप-डाउन घेतला असता तर?’’

‘‘तुमच्या पट्टीवर ५०/६० आहे, जळण्याआधी घेतला असता तर चाललं असतं. आता आतच २३०चा येतोय, स्टेप-डाउन घेऊ नका. आणि जुन्या प्लगवर कुणाला ॲडाप्टर लावू देऊ नका, मी आपला तीन पिनांचा बसवून देतो.’’


मागच्या पट्टीवरच्या १००वर चिकटवायला ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’चं लेबल आजच लिहून ठेवलं.