हिमालयाचा रेटा आणि मराठवाड्याचा खडक

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या शिवारात बोअरची गाडी लागली की वर येणाऱ्या चुऱ्याचा क्रम ठरलेला असतो. काळी माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच तांबडा थर, पुन्हा पाषाण. सहाशे-सातशे फूट गेलं तरी हाती येतो तो लाव्हाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. पाण्याच्या बाबतीत हा खडक कंजूष, आणि आपल्या पोटाखाली काय आहे हे सांगण्याच्या बाबतीत त्याहून कंजूष.

पोटाखालचं कळणं महत्त्वाचं आहे, कारण भारतीय भूपट्टाच्या कडांवर जे घडतं त्याचे हिशेब तिथेच चुकते होतात. आष्टीपासून हिमालयाचा पायथा हजार-बाराशे किलोमीटरवर. नैऋत्येला अरबी समुद्राच्या तळाशी कार्ल्सबर्गची मध्यसागरी रांग नवा तळ घडवत भूपट्टाला मागून ढकलते, आणि समोर आशिया अडवून उभा आहे. या कोंडीत सापडलेला कठीण भूपट्ट दाब शेकडो किलोमीटर आत पोचवतो. जिथे जुनी भेग असेल तिथे तो दाब मोकळा होतो.

या भेगा आल्या कुठून? त्याही बहुतेक कडांवरच्या घडामोडींतूनच. गोंडवन खंड अखंड होता तेव्हा, पर्मियन काळापासून, त्याला ताण बसू लागला. जमिनीचे लांबट पट्टे खचले, त्यांत गाळ आणि झाडोरा साचला. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ही त्या खचण्याची कमाई. पुढे गोंडवन फुटू लागलं तेव्हा पश्चिमेला कच्छची द्रोणी उघडली आणि जुरासिक समुद्र आत शिरला. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्कर सुटलं. मग लाव्हा आला आणि महाराष्ट्रापुरतं तरी सगळं झाकून गेला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. त्याआधी वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे असलेला वेग पाचेक सेंटिमीटरवर आला, आणि जिथे कधी ताण होता तिथे दाब सुरू झाला.

ताणाने उघडलेली द्रोणी दाबाखाली कशी वागते, हे कच्छइतकं स्पष्ट भारतात दुसरीकडे क्वचितच दिसतं. ज्या भ्रंशांवरून जमीन खाली घसरली होती त्याच भ्रंशांवरून ती आता वर ढकलली जाते. समुद्राच्या तळाचा गाळ, त्यातल्या शंखाकृती अमोनाइटांसकट, आज टेकड्यांवर आहे. १६ जून १८१९च्या भूकंपात रणात जमिनीचा लांबच लांब बांधच उचलला गेला. लोकांनी त्याला अल्लाहबंद म्हटलं. २६ जानेवारी २००१चा भूजचा ७.७ तीव्रतेचा भूकंप त्याच कहाणीतला. युरोपातही असंच घडलं: क्रेटेशियसच्या उत्तरार्धात आफ्रिका आणि युरोप जवळ येऊ लागले आणि आल्प्सपासून दूर, जर्मनी-पोलंडमधल्या जुन्या द्रोण्या चेपल्या जाऊन फुगल्या.

मग दख्खनच्या लाव्ह्याखाली अशी द्रोणी आहे का? १९७३मध्ये कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून कोयना आणि कुर्डुवाडी या दोन पट्ट्यांत, लाव्ह्याखाली, खचदऱ्या असल्याचं मांडलं. कल्पना देखणी होती. पण कोयनेच्या परिसरात वैज्ञानिकांनी ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं, तेव्हा १,२४७ मीटर लाव्हा संपताच थेट ग्रॅनाइटी नाइस खडक लागला. गाळाचा थर नाहीच. १९९३च्या भूकंपामुळे माहीत झालेल्या किल्लारीतल्या विवरात ३३८ मीटर लाव्ह्याखाली गाळ मिळाला खरा, पण अवघा ८ मीटर. त्याखाली पुन्हा अतिप्राचीन पाया. देखण्या कल्पनेला छिद्र पाडायला एक विवर पुरतं, हे मला या शास्त्राचं मोठेपण वाटतं.

म्हणजे मराठवाड्यातला धोका गाळाच्या द्रोणीचा कमी, पायाच्या खडकातल्या जुन्या भेगांचा जास्त. आष्टीपासून सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरवरच्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या काही तासांत, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हालचाल दाबाचीच होती आणि अगदी उथळ. शेतांत जमीन वर आल्याच्या खुणा दिसल्या. रॉजर बिल्हम आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं. हिमालयाखाली जाताना भारतीय भूपट्ट पट्टीसारखा वाकतो, मध्य भारतात त्याला फुगवटा येतो आणि त्याच्या दक्षिणेला उथळ खळगा. फुगवट्यात वरचं कवच ताणलं जातं आणि खोलवरचं चेपलं जातं. खळग्यात उलट, दाब वरच्या भागातच साठतो. २२ मे १९९७चा जबलपूरचा भूकंप पस्तीसेक किलोमीटर खोल आणि किल्लारीचा उथळ का, याचं उत्तर त्यात मिळतं. ही मांडणी मला पटते, पण ती नेमकी कुठली भेग पुढे सरकेल हे सांगत नाही, तसा तिचा दावाही नाही.

उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्याचं वेगळंच प्रकरण. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगड भ्रंशालगत जमीन खचत गेली आणि लाव्ह्यावर शेकडो मीटर गाळ साचला. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा तो हाच. तिथला शेतकरी विहिरीच्या मचूळ पाण्याला शिव्या देतो, तेव्हा त्यातला काही वाटा या भ्रंशाकडेही जायला हरकत नाही.

पठाराच्या आतली हालचाल वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणून 'स्थिर द्वीपकल्प' हा शब्द पाठ्यपुस्तकांत टिकला. १९८४च्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२मध्ये तो परिसर अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्या नकाशात जालना जिल्हा दुसऱ्या पट्ट्यात होता. २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीच्या परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, शेजारच्या जिल्ह्यांतही ते जाणवले.

किल्लारीत बहुतेक जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. परतूर, सेलू, मंठा या टापूत अशी जुनी घरं अजून उभी आहेत, काहींत माणसं राहतात. भिंतींना कोपऱ्यांवर बांधणारी लाकडी वा काँक्रीटची पट्टी आणि छतावरची माती कमी करणं, हे किल्लारीनंतर अभियंत्यांनी सांगितलेलं काम तिथे अजून करण्यासारखं आहे.