पॉजचं बटण आणि एक हरलेला डबा

समजा, तुम्ही गेममध्ये अगदी रंगात आला आहात. शेवटची लाइफ उरलीय, समोर बॉस उभा आहे आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पानं वाढलीत, येताय ना?’ तुम्ही काय करता? पॉज दाबता. निवांत जेवून येता. बॉस बिचारा होता तिथेच उभा असतो.

आज या बटणाचं कुणाला काही वाटत नाही. पण घरच्या गेममध्ये ते आणलं एका अशा मशीनने, ज्याचं नाव तुम्ही बहुधा ऐकलेलंही नसेल. फेअरचाइल्ड चॅनल एफ. साल १९७६. बाजारात ते सपशेल आपटलं. तरीही जगभरातले काही वेडे लोक आजही ते शोधतात, दुरुस्त करतात आणि चक्क खेळतात. का, ते सांगतो.

‘कॅसेट’ आली कुठून?

घरात कुणी नव्वदच्या दशकात वाढलेला दादा किंवा काका असेल, तर त्याला टीव्ही गेमबद्दल विचारा. तो हमखास ‘कॅसेट’ म्हणेल. कॅसेट खोचायची, चालली नाही की काढायची, तोंडाने जोरात फुंकर मारायची आणि परत खोचायची. एक मशीन आणि हव्या तितक्या कॅसेट! मित्राकडून दोन दिवसांसाठी आणायच्या, आपली त्याला द्यायची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतसुद्धा ही चैन नव्हती. तेव्हा घरच्या गेमचा डबा म्हणजे ‘पाँग’ आणि त्याचे भाऊबंद. दोन दांडे, एक चेंडू. गेम सर्किटमध्येच कायमचा बसवलेला असायचा. कंटाळा आला की डबा माळ्यावर.

चॅनल एफने हे बदललं. त्यात एफ-८ नावाचा मायक्रोप्रोसेसर होता, म्हणजे हा डबा खऱ्या अर्थाने छोटा कॉम्प्युटर होता. गेमचा प्रोग्रॅम मात्र बाहेर, पिवळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या डबीतल्या चिपमध्ये. तिला कंपनी ‘व्हिडिओकार्ट’ म्हणायची. डबी बदलली की गेम बदलला. अशी चिपवाली कार्ट्रिज घेणारं हे पहिलं घरगुती मशीन. आपल्या काकांच्या कॅसेटची ही पणजीच म्हणा ना!

आज हे सोपं वाटतं, पण तेव्हाची अडचण विचारात घ्या. चिप असलेलं सर्किट बोर्ड ही तोवर तंत्रज्ञांनी जपून हाताळायची वस्तू होती. आता ती लहान मुलं हजारो वेळा खोचणार आणि ओढून काढणार. गालिच्यावर पाय घासून आलेल्या मुलाच्या बोटातल्या स्थिर विजेनेही चिप मेली असती. म्हणून मजबूत डबी, आतल्या टोकांना झाकणारी झडप आणि नीट जाऊन बसणारी खोबण, असं सगळं नव्याने घडवावं लागलं.

एक होता लॉसन

मूळ कल्पना आणि पहिला नमुना होता आल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल या दोघांचा. फेअरचाइल्डमध्ये निक टॅलेसफोर यांनी डब्याला रूप दिलं आणि रॉन स्मिथ यांनी यांत्रिक बाजू सांभाळली. या सगळ्याला विकण्याजोगं मशीन करणाऱ्या टीमचा म्होरक्या होता जेरी लॉसन.

लॉसन १९४० साली ब्रुकलिनमध्ये जन्मला. वडील गोदीत काम करायचे. तो सांगायचा, की पहिलीत असताना त्याच्या बाकाशेजारच्या भिंतीवर एक फोटो होता आणि बाई म्हणायच्या, तूही असा होऊ शकतोस. फोटो कुणाचा? जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचून तुमच्यापैकी कित्येक जण मोठे झाले असतील. तोच कार्व्हर न्यूयॉर्कमधल्या एका कृष्णवर्णीय मुलालाही बळ देत होता.

शाळकरी वयात लॉसनने घरातच हॅम रेडिओ उभारला, पुढे लोकांचे टीव्ही दुरुस्त करून पैसे कमावले. कॉलेजात गेला, पण डिग्री पुरी केली नाही. १९७० मध्ये तो कॅलिफोर्नियात फेअरचाइल्डमध्ये रुजू झाला. तेव्हाच्या सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय इंजिनीअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फावल्या वेळात त्याने स्वतःच्या गॅरेजमध्ये ‘डिमॉलिशन डर्बी’ नावाचा नाण्यावर चालणारा गेम बनवला. कंपनीला ते कळलं. ओरडा बसण्याऐवजी व्हिडिओ गेमचं काम त्याच्या गळ्यात पडलं!

खेळायला कसा वाटतो?

खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं हसू येतं. सगळं चौकोनी, ठोकळ्यांचं. बहुतेक कार्ट्रिजमध्ये जेमतेम दोन किलोबाइट जागा. तुम्ही वाचताय तो हा लेख मोबाइलमध्ये साठवला, तर त्याला याच्या कितीतरी पट जागा लागेल. आवाजही टीव्हीतून नाही, डब्यातल्याच बारक्या स्पीकरमधून. तोही नुसता पीक-पीक.

पण कंट्रोलर हातात घेतला की मत बदलायला लागतं. मुठीत धरायचा दांडा आणि टोकाला तिकोनी मूठ. ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे ढकलता येते. शिवाय दोन्ही बाजूंना पिळता येते, खाली दाबता येते आणि वर ओढताही येते. एकूण आठ क्रिया, सगळ्या एका हातात. मशीनमध्ये आधीच असलेल्या ‘हॉकी’त मूठ पिळली की पडद्यावरचा खेळाडू तिरका होतो आणि चेंडू भलत्याच कोनात सुटतो. समोर मित्र बसला असेल तर आरडाओरडा ठरलेला.

‘डॉज इट’ही आजमावून बघा. बंद चौकोनात चेंडू उसळतायत, त्यांच्यापासून पळायचं, बस्स! हळूहळू चेंडू वाढत जातात आणि दहाव्या मिनिटाला तुम्ही ग्राफिक्सबद्दल कुरकुरायचं विसरलेले असता.

पहिल्या क्रमांकाच्या कार्ट्रिजमध्ये साधा फुली-गोळा आहे. पण तो तुम्ही मशीनविरुद्ध खेळता. एकट्या माणसाला घरात प्रतिस्पर्धी मिळाला, ही तेव्हा मोठीच गोष्ट. आणि मशीन उद्धटही आहे. हरलात की पडद्यावर शेरा येतो, ‘हरलास, टर्की!’ टर्की म्हणजे तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, अमेरिकी बोलीत बावळट माणूस.

आणि हो, डब्यावरच्या बटणांत एक ‘होल्ड’. दाबलं की खेळ जिथल्या तिथे थांबतो. इतकंच नाही, थांबलेला असताना वेळ आणि वेगही बदलता येतो. नाण्यावरच्या गेमना थांबवून चालणार नव्हतं, कारण पुढचं गिऱ्हाईक उभं असायचं. घरात मात्र जेवणाची हाक येते. हा फरक या टीमला कळला होता.

मग आपटला कशामुळे?

नोव्हेंबर १९७६ मध्ये हे मशीन सुमारे १७० डॉलरला विकायला आलं. जेमतेम वर्षभर मैदान मोकळं मिळालं. सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीने स्वतःचं कार्ट्रिजवालं मशीन आणलं. अटारीकडे आर्केडमधले गाजलेले गेम होते, गेम बनवणाऱ्यांची फौज होती. फेअरचाइल्डचा मूळ धंदा चिपचा, तिला खेळण्यांच्या बाजारात रस टिकला नाही. १९७९ मध्ये तिने हा सगळा व्यवसाय झर्कॉन नावाच्या कंपनीला विकून टाकला. १९८० मध्ये अटारीवर ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि शर्यतच संपली. चॅनल एफचं २६व्या क्रमांकाचं कार्ट्रिज ‘एलियन इन्व्हेजन’. म्हणजे ज्या गेमने हरवलं, त्याचीच नक्कल शेवटी करावी लागली.

जमवायचं असेल तर

कार्ट्रिजवर ठळक क्रमांक आहेत. त्यामुळे संग्राहकांना १ ते २६ पूर्ण करण्याची झिंग चढते. सुरुवातीची सहज सापडतात, शेवटची घाम काढतात. पण परदेशातून डबा मागवण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अमेरिकी मशीन ११० व्होल्टचं आहे. आपल्या प्लगमध्ये थेट खुपसलंत तर धूर निघेल, मधे ट्रान्सफॉर्मर हवाच. शिवाय त्याचा सिग्नल अमेरिकी एनटीएससी पद्धतीचा आणि अँटेनाच्या वायरीतून येणारा. जर्मनीत हेच मशीन ‘साबा व्हिडिओप्ले’ नावाने विकलं गेलं. ते आपल्यासारख्या पाल पद्धतीचं, म्हणून जुन्या टीव्हीशी त्याचं लवकर जुळतं. आणि पहिल्या मॉडेलचे कंट्रोलर डब्याला कायमचे जोडलेले आहेत. वायर तुटली तर सोल्डरिंग आलं पाहिजे.

एवढा खटाटोप नको असेल तर ‘मेम’सारख्या इम्युलेटरवर हे मशीन चालतं. फक्त ती मूठ पिळण्याची आणि ओढण्याची मजा कीबोर्डवर येत नाही. संग्राहक खऱ्या डब्यासाठी धडपडतात ते त्यासाठीच. काही जण तर आजही त्याच्यासाठी नवे गेम लिहितात. २००९ मध्ये चाहत्यांनी त्यावर चक्क ‘पॅक-मॅन’ चालवून दाखवला.

लॉसनने १९८० मध्ये फेअरचाइल्ड सोडून स्वतःची गेम कंपनी काढली, तीही फार टिकली नाही. पुढे मधुमेहाने त्याचा एक पाय गेला आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. मार्च २०११ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशनने त्याचा जाहीर गौरव केला. ९ एप्रिलला तो गेला. म्हणजे कौतुक कानावर पडलं आणि जेमतेम महिना मिळाला.

तेव्हा या रविवारी एक करा. इम्युलेटर टाका, फुली-गोळा उघडा आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या या डब्याला आव्हान द्या. जेवायची हाक आली तर होल्ड दाबा. आणि हरलात, तर पडद्यावर काय उमटेल ते तुम्हाला आता माहीत आहे!