बर्ड फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो कसा?

जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दापोलीत मेलेले कावळे सापडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. रत्नागिरीत आमच्या घरी त्या शुक्रवारी कोंबडी शिजली नाही. अम्मींनी विचारले, "अरे, कावळ्याचा आजार माणसाला कसा लागेल?"

प्रश्न अगदी योग्य होता. कोणताही विषाणू एकटा वाढू शकत नाही. त्याला जिवंत पेशीत शिरावे लागते. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ही त्याची किल्ली. 'एच५एन१' या नावातला 'एच' तो हाच. पेशीवर सायलिक आम्ल नावाची साखर असते, ते कुलूप. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासनलिकेत या साखरेची जोडणी एका प्रकारची असते, आपल्या नाका-घशात बहुतांशी दुसऱ्या प्रकारची. म्हणून पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहजासहजी होत नाही. मात्र आपल्या फुफ्फुसात खोलवर पक्ष्यांसारखे कुलूपही आहे. विषाणू तिथवर पोचला तर आजार गंभीर होतो. जुलै २०२१ मध्ये हरियाणातल्या एका मुलाचा दिल्लीत याच आजाराने मृत्यू झाला.

विषाणू चिकटला की पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते. पिशवीतले पाणी आम्लधर्मी होताच किल्लीचा आकार बदलतो, विषाणूचे वेष्टन पिशवीला जोडले जाते आणि त्याचा जनुकीय ऐवज पेशीत उतरतो. पण त्याआधी ही किल्ली शरीरातल्या विकराने कापली जावी लागते. सौम्य विषाणूची किल्ली आतड्यात आणि श्वासमार्गातच कापली जाते. घातक जातीची मात्र जवळजवळ सगळ्या अवयवांत कापली जाते. म्हणून कोंबड्या पटापट मरतात.

मग कोंबडी खायची की नाही? खुशाल खावी. ७० अंशांवर नीट शिजवल्यास हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर खळखळ उकळतो. धोका पातेल्यात नाही, त्याआधी आहे. घरी कोंबडी जबह करताना, पिसे काढताना, पोट साफ करताना नाकातोंडावर कापड बांधावे. हात साबणाने धुवावेत. विषाणूचे वेष्टन चरबीचे असते, ते साबणाने फुटते. कोंबडी कापलेल्या सुरीने काकडी चिरू नये. मेलेल्या पक्ष्याला मुलांनी हात लावू नये.

आजारी कोंबडी "मरायच्या आत जबह करू" असे कोणी म्हणाले तर थांबवा. नुकसान होईल म्हणून लपवूही नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. हा विषाणू सतत बदलत असतो. त्याच्या किल्लीत थोडे बदल झाले तर ती आपल्या कुलपालाही बसू शकते. २००६ मध्ये नवापुरात देशातली पहिली साथ आली तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, त्या याच भीतीने.

अम्मींना हे सगळे सांगितले. पुढच्या शुक्रवारी कोंबडी शिजली, फक्त सुरी वेगळी होती.