जेथून दगड आले, त्या बाखलीत पुन्हा

इंदूरच्या जुन्या भागात दाटीने वसलेल्या मोहल्ल्याला ‘बाखल’ म्हणतात, आणि अशा बाखलींपैकी टाटपट्टी बाखल हे नाव १ एप्रिल २०२० पूर्वी शहराच्या वेशीबाहेर क्वचितच कोणी ऐकले असेल. त्या दिवशी कोरोनाबाधिताच्या संपर्कात आलेल्यांची विचारपूस करण्यासाठी आरोग्य खात्याचे पथक त्या मुसलमान वस्तीत गेले असता जमावाने त्याच्यावर दगडांचा वर्षाव केला. आणि पथकातील दोन स्त्री-डॉक्टर, ज्यांपैकी एकीचे आडनाव मराठी आणि दुसरी स्वतः मुसलमान, तहसीलदारांच्या मोटारीचा आश्रय घेऊन कशाबशा बचावल्या. निरोगी माणसांना पकडून नेऊन त्यांच्या अंगात रोग घालतात, अशी अफवा मोबाइलवरून त्या वस्तीत आधीच पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी या दोघीही, अंगावर आदल्या दिवसाच्या जखमा असताना, पुन्हा त्याच बाखलीत कामाला गेल्या.

आम्हा इंदूरकरांना त्या प्रसंगाची लाज वाटली, ती वाटणे योग्यच होते. परंतु लाजेबरोबर जो अभिमान वाटायला हवा होता तो आपण पुरेसा बाळगला नाही, असे मला मनापासून वाटते. त्या वसंतात अफवेला दोन तोंडे होती. दिल्लीतील तबलिगी संमेलनानंतर देशभर रोगाचे खापर एका समाजावर फुटत होते, मुसलमान भाजीवाल्याकडून भाजी घेऊ नये असे निरोप घरोघर फिरत होते. आणि बाखलीच्या आत सरकारी माणूस हाच रोगाचा वाहक ठरला होता. त्या मुसलमान डॉक्टर स्त्रीच्या वाट्याला या दोन संशयांमधली अरुंद जागा आली, आणि तेथे ती एका मराठी सहकारिणीच्या सोबतीने उभी राहिली.

साथ आणि अफवा यांचे हे साहचर्य फार पुरातन आहे. १३४८ साली युरोपात प्लेगची महामारी पसरली तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली, आणि पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यू जिवंत जाळले गेले. ज्यूद्वेष म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगताना मला नेहमी अडचण पडते, कारण आपल्या अनुभवात त्याला प्रतिशब्दच नाही. कोकणातील बेने इस्राएल ज्यूंना गावकऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटले ते एवढ्यासाठीच, की शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या नावात कुतूहल आहे, विष नाही. मुंबईत भायखळ्याला ज्यू मुलांसाठी स्थापन झालेल्या सर जेकब ससून हायस्कुलात आज बहुतांश मुले मुसलमानांची शिकतात. तथापि ते विष आपल्या दारीही आलेच. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या हल्लेखोरांनी आतल्या ज्यूंना ठार केले, ते केवळ ज्यू म्हणून; आणि त्यानंतर मरिन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी त्या हल्लेखोरांची प्रेते दफन करून घेण्यास साफ नकार दिला. धर्माच्या नावाने हत्या करणाऱ्याला त्याच धर्माच्या भूमीत चार हात जागा नाकारणे, यापेक्षा स्पष्ट निवाडा मला ठाऊक नाही.

नकार देणे अवश्य असते. पण ज्या घरांतून असे तरुण निघतात त्या घरांपर्यंत जाणे हे त्याहून कठीण, आणि हे काम एका मुसलमान मातेने आपल्या आयुष्याचे व्रत केले आहे. लतीफा इब्न झियातेन या मूळच्या मोरोक्कोच्या. तरुणपणीच फ्रान्समध्ये गेल्या आणि पाच मुलांना वाढवीत तेथेच स्थायिक झाल्या. त्यांचा मुलगा इमाद फ्रेंच सैन्यात छत्रीधारी सैनिक होता. ११ मार्च २०१२ रोजी तुलूझ येथे मोटारसायकल विकत घेण्याच्या बहाण्याने भेटीस आलेल्या मोहम्मद मेराह नामक तरुणाने त्याला जमिनीवर आडवा हो म्हणून फर्मावले. इमादने ते मानले नाही, आणि तो उभ्याउभ्याच मारला गेला. चार दिवसांनी मेराहने आणखी दोन सैनिक मारले, आणि १९ मार्चला एका ज्यू शाळेच्या दारात एक शिक्षक व तीन बालके. मुसलमान सैनिकाची आई आणि ज्यू मुलांचे आईबाप यांना एकाच हाताने अवघ्या आठ दिवसांत अपत्यशोकात लोटले.

लतीफाबाईंना पुढे पुष्कळ मानसन्मान लाभले. २०२१ चा मानवी बंधुत्वाचा झायेद पुरस्कार तर त्यांना संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस गुटेरेस यांच्यासमवेत मिळाला. शाळांतून आणि तुरुंगांतून तरुणांशी बोलत, मशिदीइतक्याच सहजतेने ज्यूंच्या सभांनाही जात, त्या वर्षानुवर्षे हिंडत आहेत. मार्ग मात्र सुखाचा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या लोकसभेच्या इमारतीत भरलेल्या एका परिसंवादात त्यांच्या डोक्यावरील रुमालावरून श्रोत्यांपैकी काहींनी त्यांची हुर्यो उडवली. पुत्रशोकानंतर डोक्यावर घेतलेला तो रुमाल एका बाजूच्या डोळ्यांत सलतो, आणि त्यांची ज्यूंशी असलेली मैत्री दुसऱ्या बाजूच्या. आपल्या बाखलीतील डॉक्टर स्त्री ज्या अरुंद जागेत उभी होती, तीच ही जागा.

या साऱ्याचा उगम ज्या घटनेत आहे ती त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मुलाच्या मृत्यूनंतर त्या, आपल्या मुलाला मारणारा कोण आणि कोठून आला हे समजून घेण्यासाठी, तुलूझमधील मेराहच्या वस्तीत, लेझिझारमध्ये, गेल्या. रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरांना त्यांनी त्याचे घर विचारले. पोरे म्हणाली, तो तर हुतात्मा, इस्लामचा वीर. त्या बाईंनी तेव्हा आपण कोण ते सांगितले: त्याने मारलेल्या सैनिकाची आई. पोरे वरमली, त्यांनी क्षमा मागितली. आणि मग, ज्यांना कोणी कधी काही विचारले नव्हते अशी ती पोरे, आपली वस्ती कशी कोंडवाड्यासारखी झाली आहे ते त्या अनोळखी आईला सांगू लागली. लतीफाबाई उभ्या राहून ऐकत राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी तरुणांसाठी आणि शांततेसाठी संस्था स्थापन केली, आणि तिला नाव दिले इमादचे.