गीझर बिघडलेला नाही, पाणी हट्टी आहे

मे महिन्यात जळगावात भर दुपारी नळ सोडला की पाणी चटका देतं. गच्चीवरची टाकी उन्हात इतकी तापते की आंघोळीला गार पाणी मिळवायचं तर रात्र उलटावी लागते. डिसेंबर लागला की तोच नळ हात बधिर करतो. धुळ्याचा पारा निफाडच्या पाऱ्याशी चढाओढ करत घसरायला लागतो आणि घरोघरी एकच तक्रार सुरू होते: गीझर लावलाय, दिवा लागतोय, तरी शॉवरमधून गारच पाणी येतंय. वायरमन येतो, टेस्टर लावतो आणि म्हणतो, "मशीनला काही झालेलं नाही." बहुतेक वेळा त्याचं खरं असतं.

तापीचं खोरं समुद्रापासून लांब आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडून देते आणि ती अडवायला ढगही नसतात. पारा तळाला जातो तो सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे नेमका शाळा-ऑफिसच्या आंघोळीच्या वेळी. टाकीतलं पाणी हळूहळू थंड होतं, पण गच्चीवरून उघडा येणारा पाइप रात्रभरात गारठून जातो.

आता पाण्याचा हट्ट बघा. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स जूलने वजनं खाली सोडून पाण्यातली पाती फिरवली आणि नुसत्या घुसळण्याने पाणी किती तापतं ते मोजलं. आज आपण तो आकडा असा सांगतो: एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० जूल लागतात. २० लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर २१ लाख जूल. मीटरवर हे अर्ध्या युनिटपेक्षा थोडंच जास्त दिसतं. पण तेवढ्याच ऊर्जेत दहा क्विंटल केळी दोनशे मीटरपेक्षाही उंच उचलता येतील, कुतुबमिनारच्या जवळजवळ तिप्पट. एका बादलीमागे एवढं काम आपण रोज सकाळी बटण दाबून करून घेतो.

घरातला साधा इन्स्टंट गीझर ३ किलोवॉटचा असतो, म्हणजे सेकंदाला ३,००० जूल. यापेक्षा फार मोठा लावता येत नाही, कारण १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर साडेतीन-पावणेचार किलोवॉटच्या पुढे झेपत नाही. त्यामुळे उष्णता ठरलेली. ती किती पाण्यात वाटली जाते, एवढंच आपल्या हातात. यातून एक सोपा हिशेब निघतो. एक लिटरची बाटली गीझरच्या नळाखाली धरा आणि भरायला लागणारे सेकंद मोजा. जितके सेकंद, त्याच्या पाऊणपटीहून किंचित कमी इतके अंश पाणी तापतं. बाटली १० सेकंदांत भरली तर ७ अंश, २० सेकंदांत भरली तर १४ अंश, ३५ सेकंदांत भरली तर २५ अंश.

शॉवर पूर्ण सोडला की बाटली सहज दहा सेकंदांत भरते. उन्हाळ्यात ३० अंशांचं पाणी ३७ होतं, छान वाटतं. हिवाळ्यात १५ अंशांचं पाणी २२ होतं आणि आपण गीझरला शिव्या घालतो. त्याने दोन्ही वेळा सात अंशच दिले. ब्राझीलमध्ये शॉवरच्या तोंडातच तापवणारी तार बसवलेली असते. तिथल्या शॉवरवर उन्हाळा-हिवाळा असं बटण असतं आणि हिवाळ्यासाठी ताकद वाढते. आपल्याकडे ते बटण म्हणजे पाण्याचा कॉक. फक्त तो गीझरमध्ये पाणी जातं त्या बाजूचा फिरवायचा. साध्या इन्स्टंट गीझरचं पाणी बाहेर पडतं ते तोंड कधी बंद करायचं नाही. धार फारच बारीक केली तर पाणी जास्त तापून थर्मोस्टॅट वीज तोडतो, मग गार पाणी येतं, मग पुन्हा गरम. क्षणात पोळतंय, क्षणात गारठतंय, अशी तऱ्हा असेल तर कॉक थोडा मोकळा करा.

धार बारीक करूनही पाणी कोमटच राहत असेल तर संशय व्होल्टेजवर घ्या. हिवाळा म्हणजे रब्बीचा हंगाम. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, केळीला तर बारमाही. जिथे घरं आणि पंप एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहेत, तिथे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं. इथली गंमत अशी, की उष्णता व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चं १८० झालं तर व्होल्टेज बावीस टक्के कमी झालं, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्के गेली. तीन किलोवॉटचा गीझर साधारण १.८ किलोवॉटवर आला. पंखा जरा मंद वाटतो, तेवढ्यात गीझरचं कंबरडं मोडलेलं असतं.

तिसरा संशयित बोअरच्या जड पाण्यातला क्षार. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. पाण्यातला चुना उलट वागतो. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला चुना पांढरा थर होऊन नेमका पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवरच बसतो. उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण थराआड कोंडलेला एलिमेंट आतून जास्त तापतो आणि एक दिवस जळतो. शॉवरची भोकंही याच चुन्याने बुजतात. चाळणी काढून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली की थर सुटतो.

पाणी कोमटसुद्धा होत नसेल, पूर्ण गार येत असेल, तर मात्र बिघाड शोधायचा. आधी एमसीबी पडलाय का ते बघा. मग सॉकेट: प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर पिन सैल आहे आणि पाण्याऐवजी सॉकेट तापतोय. यापुढचं काम वायरमनचं. तो मेन बंद करून मल्टिमीटर लावेल. ३ किलोवॉटचा चांगला एलिमेंट १८ ओहमच्या आसपास रोध दाखवतो. तार तुटली असेल तर काहीच दाखवत नाही. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा वीजगळती ओळखणारा आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो बळेच वर करून आंघोळ उरकू नका. एलिमेंटला तडा जाऊन वीज पाण्यात उतरत असण्याची शक्यता असते.

पऱ्हाट्या जाळून तापवायच्या तांब्याच्या बंबाला या धारेच्या गणिताची फिकीर नव्हती, कारण तो पाणी आधी साठवून तापवायचा. साठवणीचा गीझर त्याचाच वारस. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर १५ अंशांचं पाणी साधारण चोवीस मिनिटांत ६० अंशांवर नेतो. त्यात गार पाणी मिसळून हिवाळ्यात ४० अंशांचं २७ लिटर पाणी मिळतं. नळाचं पाणी ३० अंशांचं असेल तेव्हा तोच गीझर ४५ लिटर देतो. घरातल्या शेवटच्या माणसाच्या वाट्याला थंडीत गार पाणी येतं ते यामुळे.

आणि ही वीज येते कुठून? भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात हतनूर धरणातलं तापीचं पाणी वापरून, कोळसा जाळून वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरवतात. कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. तिथला ५०० मेगावॉटचा एक संच एका वेळी जास्तीत जास्त १ लाख ६६ हजार इन्स्टंट गीझर पेलेल. म्हणजे तापीचं पाणी उकळून जळगावच्या नळातलं वाघूर धरणाचं पाणी कोमट करायचा हा व्यवहार आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळच्या उनपदेवला सातपुड्याच्या पायथ्याशी हेच काम जमीन फुकट करते: पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापतं आणि कुंडात गरमच वर येतं.

उनपदेव प्रत्येकाच्या न्हाणीघरात आणता येणार नाही. म्हणून वायरमनला फोन करण्याआधी उद्या सकाळी बाटली भरून सेकंद मोजा. दहा-पंधरा निघाले तर कॉक आवळा, पस्तीस होऊ द्या आणि शॉवरऐवजी बादली घ्या. पस्तीस सेकंद होऊनही पाणी गार असेल, तर फोन करा.