मार थांबला, पण भाडं?

आमच्या अकोल्याच्या मोहल्ल्यातली एक बाई दोन लेकरं घेऊन माहेरी परतली. दारातच म्हणाली, ‘मार त सोसला बाप्पा, पन आता पोरायले खाऊ काय घालू?’ जमातीचे बुजुर्ग तासभर बोलले, सगळे मारावरच. पैशाचं कोणी काढलं नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, सर्व धर्मांच्या स्त्रियांना. घरखर्च न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं यालाही तो छळच मानतो. कलम २० खाली औषधपाण्याचा खर्च, बुडालेली कमाई, स्वतःची आणि मुलांची पोटगी मागता येते. नवरा देत नसेल तर त्याच्या पगारातून थेट कापून देण्याचा हुकूमही होऊ शकतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा सरळ न्यायदंडाधिकाऱ्याकडे करावा. वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं.

साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं, तारखा संपत नाहीत. म्हणून अंतरिम मदत सुरुवातीलाच मागावी. आपल्या शेजारच्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी आणि दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं. उशिराचा भुर्दंड बाईवर नको.

‘इद्दत संपली, पोटगी संपली’ असं सांगणारे आमच्यात अजून भेटतात. ते चूक आहे. इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज करणं नवऱ्यावर बंधनकारक आहे, असा घटनापीठाचा २००१ चा निकाल आहे. फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, तलाकपीडितेला पोटगी मागता येते, हे १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट झालं.

राहिला आयकर. दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्नात धरली जाते. एकरकमी मिळाली तर नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवलं. आपल्याकडच्या बहुतेकींची दरमहाची रक्कम करमर्यादेच्या जवळपासही जात नाही, ही गोष्ट वेगळी. तरी तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तो कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा. एकरकमी पैशाच्या ओळीखालीच पुष्कळदा ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ अशी दुसरी ओळ असते.