'गौर' वर्ण आणि मुखाची रंगयोजना

भिवंडी तालुक्यातील आगरी गावांत हळदीचा समारंभ लग्नाइतकाच थाटाचा असतो. हळदीने माखलेला वधूचा चेहरा दुसऱ्या दिवशी रंगभूषा करणाऱ्या स्त्रीच्या हाती येतो, आणि पुष्कळदा त्यावर प्रथम चढतो तो फिकट मुखलेप. वधू सावळी असेल तर मांडवातील उजेडात तो चेहरा उजळ न दिसता राखेसारखा दिसू लागतो. दोष सामान्यतः प्रसाधनाला, किंवा त्याहून वाईट म्हणजे मुलीच्या वर्णाला दिला जातो. वस्तुतः या फसगतीच्या मुळाशी एका शब्दाचा संकुचित झालेला अर्थ आहे. तो शब्द म्हणजे 'गोरा'.

'गोरा' हा संस्कृत 'गौर' शब्दाचा तद्भव होय. आजच्या मराठीत त्याचा ओढा पांढरेपणाकडे असला, तरी मूळ शब्दाची व्याप्ती मोठी होती. अमरकोशात 'गौर' शुभ्रवाचक शब्दांत येतो, तसाच पीतवाचक शब्दांतही येतो. आणि तेथे त्याच्या पंक्तीला 'हरिद्राभ', म्हणजे हळदीच्या कांतीचा, हा शब्द बसलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आहार्य अभिनयाचे विवेचन याहूनही स्पष्ट आहे. तेथे श्वेत, नील, पीत व रक्त हे चार मूळ वर्ण मानून त्यांची मिश्रणे सांगितली आहेत. पिवळा व निळा मिळून हिरवा होतो, निळा व तांबडा मिळून काषाय, आणि तांबडा व पिवळा मिळून गौर. या शेवटच्या मिश्रणात पांढऱ्याचे नावही नाही.

आधुनिक शास्त्राचा निष्कर्ष याला जवळचाच आहे. त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनिन या तपकिरी-काळ्या द्रव्यावर, रक्तातील हिमोग्लोबिनच्या तांबडेपणावर आणि काही अंशी कॅरोटीनच्या पिवळेपणावर अवलंबून असतो. त्यामुळे त्वचा गोरी असो वा सावळी, रंगचक्रात तिचे स्थान तांबड्या-पिवळ्याच्या दरम्यानच राहते. मोठा भेद असतो तो गडदपणाचा. सावळ्या त्वचेवर पांढऱ्या द्रव्याचा पातळ थर दिला की हा तांबडा-पिवळा अंश झाकला जातो. शिवाय गडद पृष्ठभागावरील पांढऱ्या सूक्ष्म कणांतून विखुरणाऱ्या प्रकाशात निळसर अंश अधिक असतो. राखी छटा येते ती अशी. म्हणून मुखलेप त्वचेच्या गडदपणाशी जुळणारा घ्यावा आणि त्यात तांबडा-पिवळा अंश राखावा. डोळ्यांखालील निळसर काळेपणाही पांढऱ्याने जात नाही. त्यावर नारिंगी छटेचा लेप हवा, कारण रंगचक्रात नारिंगी निळ्याच्या समोर येतो आणि समोरासमोरचे रंग मिसळले असता एकमेकांची तीव्रता मारतात.

रंगशास्त्र प्रत्येक रंगाचे तीन गुण मानते: जात, उजळपणा आणि तीव्रता. मराठीत या तिन्हींची सोय आहे. 'लाल' हा शब्द जात सांगतो, 'फिकट' व 'गडद' हे उजळपणा सांगतात, आणि 'लालभडक', 'पिवळाजर्द' यांतील उत्तरपद तीव्रता सांगते. 'गोरा' व 'सावळा' ही जोडी मात्र व्यवहारात केवळ उजळपणा मोजते आणि जातीविषयी मौन पाळते. त्या मानाने 'गव्हाळ' हा शब्द रंगभूषेला अधिक उपयोगी, कारण त्यात उजळपणाबरोबर पिवळसर जातही सूचित होते.

एवढे जुळले तरी रंग एकटा कधीच दिसत नाही. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याला आढळले की उणीव रंगात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या प्रभावात आहे. हे विवेचन त्याने 1839 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. भिवंडीसारख्या मागांच्या गावात हे पटण्यास कठीण नाही. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, आणि कापड हलते तशी त्याची छटा पालटते. वधूचा हिरवा चुडाही याच नियमाने काम करतो. हिरव्याच्या शेजारी त्वचेतील तांबूस अंश अधिक खुलतो. पापणीवर निळी छटा दिली तर भोवतालची त्वचा अधिक उबदार भासते; तीच छटा गालाच्या रंगाइतकी तीव्र केली तर दोन्ही रंग दृष्टीसाठी भांडू लागतात. यासाठी एक रंग प्रधान ठेवून दुसरा गौण करावा.

शेवटचा विचार प्रकाशाचा. पिवळसर दिव्याखाली निळा रंग मंद व काळपट होतो आणि फिकट पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो. तेव्हा खोलीतील आरशात केलेली योजना मांडवातील दिव्याखाली एकदा पाहून घेणे आवश्यक आहे.

या सर्वांचे तात्पर्य असे की नव्या रंगयोजनेचा आरंभ पेटीतील रंगांपासून न होता समोरच्या त्वचेच्या रंगापासून व्हावा. आगरी वधूच्या गालावरील हळद आणि खालचा नैसर्गिक तांबूसपणा मिळून जो वर्ण होतो, त्याला भरताने गौरच म्हटले असते. तो पुसून टाकण्याचे कारण नाही.